१४ माणसांच्या प्रेस शॉपला सुरक्षा कायदा लागतो की नाही?

प्रेसशॉपवाली

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. बाबांनी सुरू केलं, आता बरंचसं मी बघते. पाच सी-टाइप पॉवर प्रेस, एक शिअरिंग, दोन ड्रिल, एक टॅपिंग. ब्रॅकेट, वॉशर, क्लॅम्प असं गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. माल थेट मोठ्या कंपनीला जात नाही, त्यांच्या वेंडरच्या वेंडरला जातो.

आमच्याच गल्लीत एका शॉपमध्ये हेल्परची दोन बोटं प्रेसखाली गेली. तेव्हापासून डोक्यात विषय आहे. आमच्या कन्सल्टंटला विचारलं, आपल्याला सुरक्षेचं नक्की काय काय करावं लागतं? ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या पटावर १४ माणसं. महाराष्ट्रात २० च्या खाली फॅक्टरी अ‍ॅक्ट लागतच नव्हता, नव्या संहितेतही आकडा २० च आहे. तुम्ही कशाला अंगावर ओढवून घेताय? शांत बसा."

मला हे इतकं सोपं वाटत नाहीये. इथे कारखानदार, वकील, सेफ्टीवाले सगळे आहेत म्हणून विचारते. कायदा खरंच लागू नाही का? आणि लागू असो-नसो, माझ्यासारखीनं आधी कशाला हात घालावा?

टवाळखोर

रुमाल टाकून ठेवतो. 'शांत बसा' या सल्ल्याचं बिल जीएसटीसकट होतं का?

काळाकोट

कन्सल्टंटनी अर्धं बरोबर सांगितलंय, आणि तो अर्धाच गोत्यात आणतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात मूळ आकडा होता विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार, विजेशिवाय २०. महाराष्ट्राने नंतर दुरुस्ती करून तो २० आणि ४० केला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने १३ जुने कायदे पोटात घेतले. 'कारखाना' या व्याख्येत तिथेही २० आणि ४० च आहे. इथवर कन्सल्टंट बरोबर.

पण संहितेत 'कारखाना' हा एकच शब्द नाही, 'आस्थापना' पण आहे. उद्योग, व्यापार, उत्पादन चालतं अशा ठिकाणी १० किंवा जास्त कामगार असले की ती आस्थापना. मालकाची मुख्य कर्तव्यं आस्थापनेला चिकटतात. म्हणजे कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं, नेमणूक पत्र देणं, ठरलेल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी फुकट करणं, अपघाताची सूचना देणं. नोंदणीसुद्धा लागते. १४ माणसं म्हणजे तुम्ही आत आहात.

आता माझा प्रश्न. 'पटावर १४' म्हणजे काय? लेबर कॉन्ट्रॅक्टरची माणसं त्यात धरली आहेत का?

एमआयडीसी_शेठ

झालं सुरू. ताई, माझी स्वतःची दोन युनिट आहेत. एक सल्ला देतो, फुकट आहे. इथे विचारलंत ते ठीक, सरकारी ऑफिसात जाऊन विचारू नका. ज्याने विचारलं त्याच्याकडेच पहिली चक्कर होते. फायर वेगळे, प्रदूषण मंडळ वेगळं, बॉयलर असला तर ते खातं वेगळं, ईएसआय (कामगारांचा सरकारी आजार-अपघात विमा) आणि पीएफ वेगळं. १४ माणसांचा मालक पत्रा कापणार की फॉर्म भरणार?

प्रेसशॉपवाली

@काळाकोट, कंत्राटदाराची ७-८ मुलं असतात. डिस्पॅच जोरात असला की आणखी दोन-तीन. ती धरलेली नाहीत.

टवाळखोर

१४ + ८ = १४. कन्सल्टंट गणितात एम.एस्सी. दिसतात.

काळाकोट

मग विषयच संपला. 'कामगार' या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूस जुन्या कायद्यातही होता, नव्यातही आहे. पगार कोण देतो हे बघत नाहीत, तुमच्या उत्पादनाचं काम करतो की नाही हे बघतात. तुमची माणसं २० च्या वर जातात, म्हणजे तुम्ही आस्थापना तर आहातच, कारखानाही आहात. नकाशा मंजुरी, लायसन्स, सगळं आलं.

लोक गल्लत करतात ती ५० च्या आकड्याने. कंत्राटी कामगारांच्या प्रकरणासाठी उंबरठा ५० आहे. त्यावरून 'आपल्याला कंत्राटी माणसांची भानगड नाही' असा सोयीचा अर्थ काढला जातो. तो आकडा कंत्राटदाराच्या परवान्याच्या वगैरे बाबींपुरता आहे. सुरक्षेसाठी डोकी मोजताना सगळी डोकी मोजायची.

@शेठ, ऑफिसात जाऊ नका म्हणता ते ठीक. अपघात झाला की ऑफिस स्वतः चालत येतं. नव्या संहितेत कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातली किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा वारसांना द्या असा आदेश कोर्ट करू शकतं. जुन्या कायद्यात गंभीर इजेला दंडाची किमान पातळी ५,००० रुपये होती. बोटाची किंमत तेवढीच धरून लोकांनी कारखाने चालवले.

जुनाफिटर

पोरी, कायद्याचं वकीलसाहेब बघतील. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं, मशीनचं सांगतो.

तुझे सी-टाइप प्रेस पिन क्लचचे आहेत की न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या घर्षण) क्लचचे? भोसरीतले जुने प्रेस म्हणजे बहुतेक पिन क्लचच असणार. पिन क्लचचं वैशिष्ट्य असं की पेडल दाबलं, पिन एकदा पकडली, की रॅम (पत्र्यावर आदळणारा वरचा भाग) खाली जाऊन वर येईपर्यंत थांबवता येत नाही. तू बोंबल, बटण दाब, लाईट घालव, फ्लायव्हीलमध्ये (फिरत्या जड चाकात) जेवढा जोर साठलाय तेवढा तो खाली येणारच. म्हणून तसल्या प्रेसला लाईट कर्टन (हात मध्ये आला की मशीनला थांबायला सांगणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून फोटो काढणारे महाभाग बघितले की हसावं की रडावं कळत नाही. कर्टनने हात पाहिला तरी थांबवणार कोणाला? लाईट कर्टन घर्षण क्लच आणि ब्रेकवाल्या प्रेसलाच. तेही किती अंतरावर लावायचा ते रॅम थांबायला किती वेळ लागतो त्यावरून ठरतं.

दोन हातांची बटणंसुद्धा पिन क्लचवर पूर्ण भरवशाची नाहीत. बटणं दाबून हात सुटले की रॅम पोचायच्या आत माणूस पीस सरळ करायला हात घालू शकतो. त्यात पिन किंवा स्प्रिंग झिजली असली तर डबल स्ट्रोक पडतो. म्हणजे पेडलवर पाय नाही आणि रॅम परत खाली. बोटं जातात त्यातली बरीच या डबल स्ट्रोकने जातात, आणि मालक पोलिसाला सांगतो की पोराचं लक्ष नव्हतं.

पिन क्लचला खरा उपाय म्हणजे हात आत जाणारच नाही अशी रचना. स्ट्रिप फीड असेल तर डायभोवती (पीसला आकार देणाऱ्या साच्याभोवती) पक्का गार्ड, फक्त पट्टी जाईल एवढी फट. एकेक पीस हाताने ठेवायचा असेल तर इंटरलॉक गार्ड, जाळी खाली आल्याशिवाय क्लच लागणारच नाही. डायला सरकती प्लेट करता येते, पीस बाहेर ठेवायचा आणि प्लेट आत ढकलायची. चिमटा, मॅग्नेटवाली काठी हे जोडीला. नुसत्या चिमट्यावर भरवसा नको, घाईत तो खिशात जातो. आणि पेडलला वरून, बाजूने कव्हर. पडलेला पीस पेडलवर आदळून स्ट्रोक पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

डाय सेटिंग करताना मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणणाऱ्या सेटरला त्या दिवशी घरी पाठव.

नर्सबाई

फिटरकाका, हा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावावा असा आहे.

टवाळखोर

भिंतीवर जागा नाही, तिथे 'सुरक्षा हीच सर्वोच्च प्राथमिकता'चा बोर्ड आहे. गार्ड काढून त्याच्याच मागे ठेवलाय.

एमआयडीसी_शेठ

फिटरकाकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. आता हिशोब कोण करणार? इंटरलॉक गार्ड लावला की पीस कमी निघतात. माझा खरेदीदार दरवर्षी भावात कपात मागतो, तेही लेखी. त्यांची माणसं ऑडिटला येतात, हेल्मेट आहे का, पिवळे पट्टे मारलेत का, फर्स्ट एड बॉक्समधल्या गोळ्यांची तारीख काय, सगळं टिकमार्क करतात. प्रेसला इंटरलॉक लावला तर पीसमागे दहा पैसे वाढवून द्या म्हटलं तर त्या चौकटीत टिकमार्क नसतो. मग सांगा, कायद्याने कोणाला धरायला हवं?

वाळूजचा_ऑपरेटर

मी प्रेस ऑपरेटर हे. आयटीआय केलेलं. शेठ म्हनतात ते खरं, पन अर्धं. गार्ड आम्हीच काढतो हे पन खरं. का काढतो? टार्गेट गार्डशिवायचं धरून लावलेलं असतं. इंजिनीअर स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो तवा गार्ड वर बांधलेला असतो. मंग गार्ड खाली घेऊन तेवढे पीस निघत नाहीत, निघाले नाही तर इन्सेंटिव्ह जातो. नवीन पोरगं आलं तर त्याला गार्ड काय असतो ते माहितीच नसतं, तो वर बांधलेला तसाच बघितलेला. दुसऱ्या दिवशी प्रेसवर.

इन्चार्जला म्हनलं डबल मारतंय, तर म्हने शिफ्ट संपू दे, मेंटेनन्सला सांगतो.

लालबावटा

वाळूजच्या भावाने चार ओळींत सांगितलं ते आमच्या मोर्चातल्या भाषणांत पण येत नाही.

अशा वेळी काम थांबवायचा अधिकार असायला हवा. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं, तेव्हा त्यात ४१-एच कलम आलं. जीवाला किंवा आरोग्याला लगेच धोका दिसला तर कामगाराने तो मालकाच्या, व्यवस्थापकाच्या लक्षात आणून द्यायचा आणि त्यांनी उपाय करायचा. पण ते धोकादायक प्रक्रियेपुरतं होतं, प्रेस शॉपला नाही. नव्या संहितेत कामगाराने असुरक्षित स्थिती मालकाला कळवायची आणि समाधान नाही झालं तर निरीक्षकाला, अशी सोय आहे. कागदावर चांगलं आहे. कंत्राटी पोराने कळवलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं गेट पास बंद.

आणि निरीक्षक तरी राहिला कुठे? त्याचं नावच आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' केलंय. कुठे जायचं ते संगणक ठरवणार. जागतिक कामगार संघटनेचा १९४७ चा ८१ नंबरचा करार भारताने १९४९ साली स्वीकारलाय. त्यात तपासणी गरज असेल तितक्या वेळा आणि तितकी बारकाईने करा म्हटलंय. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट, त्याच एमआयडीसीत २३ मे २०२४ ला परत स्फोट. मधल्या आठ वर्षांत कागद किती फिरले असतील याची कल्पना करा. पिरंगुटला ७ जून २०२१ ला पाणी शुद्ध करायच्या रसायनाचं पॅकिंग करणाऱ्या बायका जळून गेल्या. अपघात झाला की समिती, समिती झाली की अहवाल.

एमआयडीसी_शेठ

निरीक्षक जास्त होते तेव्हा अपघात होत नव्हते काय? पाकिटं मात्र जास्त होती.

लालबावटा

पाकीट देणारा हात कुणाचा होता शेठ?

टवाळखोर

पॉपकॉर्न. खारे की कॅरॅमल?

श्टुटगार्टकर

मी इथे एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, पुण्याहून आलेला. आमच्याकडची एक रचना सांगतो, शेठच्या 'कोणाला धरायचं' या प्रश्नाशी संबंधित आहे.

जर्मनीत अपघात विम्याचा कायदा १८८४ चा, बिस्मार्कच्या काळातला. प्रत्येक उद्योगाची एक विमा संस्था असते, बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट म्हणतात, उच्चाराचा सराव करून घ्या. वर्गणी पूर्ण मालकाची, कामगाराची कपात शून्य. मुख्य म्हणजे वर्गणी धोक्याप्रमाणे ठरते. प्रेस शॉपचा वर्ग वेगळा, हिशेबनिसांच्या ऑफिसचा वेगळा. शिवाय तुमच्याकडे अपघात जास्त झाले तर अधिभार किंवा सवलतीला मुकणं. त्या संस्थेचे स्वतःचे तांत्रिक निरीक्षक असतात, ते येऊन गार्ड कसा असावा ते सांगतात, कारण बोट गेलं तर पेन्शन त्यांच्या खिशातून जाते.

आपल्याकडे ईएसआयची मालकाची वर्गणी २०१९ पासून ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५. गार्डवाल्या प्रेस शॉपला ३.२५ आणि दरवर्षी बोटं घालवणाऱ्याला पण ३.२५. शेठना सुरक्षिततेचा खर्च दिसतो, कारण बिघाडाचं बिल त्यांच्याकडे येतच नाही.

एमआयडीसी_शेठ

हा मुद्दा पटला. मी चार वर्षं अपघात होऊ दिला नाही याचा मला छदामाचा फायदा नाही.

(उच्चार जमला नाही.)

नर्सबाई

ईएसआयचा विषय निघालाच आहे तर. मी कामगार विमा योजनेच्या रुग्णालयांमध्ये नोकरी केलीय. प्रेसशॉपवाली ताई, हे तुमच्या कामाचं.

१० किंवा जास्त माणसं असली की ईएसआय आलं. पगाराची मर्यादा २१,००० आहे, २०१७ पासून तीच. बाकीच्या काही लाभांना ठरावीक दिवस वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या इजेला तसं नाही, माणूस रुजू झाला त्या दिवसापासून संरक्षण. पूर्ण बरा होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के. कायमचं व्यंग राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे.

आता प्रत्यक्षात काय होतं? हाताला कापड गुंडाळून पोरगं खासगी दवाखान्यात. तिकडे मालकाचा माणूस कॉम्प्युटरवर बसून त्याच दिवशी नोंदणी करतो. रुजू झाल्याची तारीख आणि अपघाताची तारीख एकच! आम्ही डोळे मिटून ओळखायचो. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी सेफ इन इंडिया नावाची संस्था आहे, तिचे 'क्रश्ड' नावाचे अहवाल वाचा. अपघातानंतर कार्ड मिळण्याचा हा प्रकार त्यांनी सविस्तर मांडलाय, आणि बोटं घेणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस सगळ्यात वर आहे.

कंत्राटदाराच्या मुलांची कार्डं स्वतः बघा. 'भरतो हो मॅडम' यावर जाऊ नका. कंत्राटदाराने नाही भरलं तर जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्यावर.

काळाकोट

नर्सबाईंना पूर्ण अनुमोदन. जो ईएसआयमध्ये येत नाही त्याच्यासाठी नुकसानभरपाईचं गणित आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातली कोष्टकं सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहेत. एका हाताची दोन बोटं गेली म्हणजे २० टक्के, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. नुसता अंगठा ३०. वेतन हिशोबाला जास्तीत जास्त महिना १५,००० धरतात, त्याचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक.

तीस वर्षांच्या मुलाचा गुणक २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, त्याचे २० टक्के, झाले ३,७४,३६४ रुपये. दोन बोटं. आणि कार्ड अपघाताच्या दिवशी काढलं तरी ईएसआय महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं, तेव्हा ती हुशारी फार दूर नेत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीत ना पॉवर प्रेस ना फ्लायव्हील. पण सांडपाणी प्रकल्पाची टाकी साफ करायला माणसं येतात, कोणी तरी ओळखीचा पाठवतो. त्यात काही झालं तर समितीवर येतं का? मी बिनपगारी सेक्रेटरी आहे हो.

टवाळखोर

बिनपगारी आहात म्हणून कोर्ट बिनभाड्याची खोली देईल.

हेल्मेटवाला

@सेक्रेटरी, हे अवांतर नाही. मी रासायनिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. बंद टाक्यांबद्दल सांगतो, बाकी विनोद नंतर.

सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक नाकावर विश्वास ठेवतात. प्रमाण वाढलं की वासाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं वाटून माणूस उतरतो आणि कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बातमीत एकाच टाकीत तिघे-चौघे वाचता ते यामुळे. पिण्याच्या पाण्याची बंद टाकीसुद्धा निर्धोक नाही, आतला लोखंडी भाग गंजताना ऑक्सिजन खातो.

कायदा स्पष्ट आहे. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या कायद्यात संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवायला मनाई आहे. नेमणारी 'व्यक्ती' सोसायटीची समितीही असू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. माणूस उतरवूच नका, सक्शनचा टँकर बोलवा.

सोसायटी_सेक्रेटरी

आजच समितीच्या ग्रुपवर टाकतो. दोन सभासद 'एवढी वर्षं झालं का काही' म्हणणार, तो भाग वेगळा.

हेल्मेटवाला

'एवढी वर्षं झालं का काही' हे वाक्य प्रत्येक अपघाताच्या चौकशीत कोणी ना कोणी बोललेलं असतं.

प्रेसशॉपवाली ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी, फिटरकाकांनी सांगितल्या नाहीत म्हणून.

एक, ड्रिलवर हातमोजे घालू देऊ नका. सगळ्यांना हातमोजे वाटून फोटो काढणारे बघितलेत. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की तो हातासकट ओढतो. पत्रा उचलताना मोजे हवेत, ड्रिलवर नकोत. सैल बाह्या, हातातलं कडं, गळ्यातला गमछा, तेही नको.

दोन, कान. प्रेस शॉपमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्यातल्या सूचनायोग्य आजारांच्या यादीत आहे, पण बोट गेलं तर दिसतं, कान गेला तर घरची माणसं टीव्ही मोठा लावला म्हणून भांडतात. आधी मशीनखाली पॅड, पीस पडतो तिथे रबर. इअरप्लग सगळ्यात शेवटी.

जुनाफिटर

डावा कान. टीव्हीचं अगदी खरं.

टवाळखोर

आमच्या कंपनीत ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन जोरात. घोषवाक्य स्पर्धेत पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. मागच्या खेपेला कुकरची शिट्टी पहिल्याच दिवशी उडाली, त्याची नोंद 'नियर मिस' (थोडक्यात टळलेले अपघात) रजिस्टरला करा म्हटलं तर कुणी घेतली नाही.

प्रेसशॉपवाली

सगळ्यांचे आभार. पाचही प्रेस बघून आले. चार पिन क्लच, एक न्यूमॅटिक. तीन नंबरचा डबल मारतो हे सगळ्या मुलांना माहीत होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा. तो बंद करून मेन स्विचला कुलूप घातलंय. त्यामुळे एक ऑर्डर उशिरा जाणार.

कंत्राटदाराकडून आठ मुलांची कार्डं मागितली, पाच मिळाली. उरलेल्या तिघांचं 'प्रोसेसमध्ये' आहे. कार्ड दाखवल्याशिवाय मशीनजवळ नाही असं सांगितलंय, तोवर ते पॅकिंगला. नर्सबाई, बरोबर ना?

नर्सबाई

पॅकिंगला असले तरी नोंदणी लागतेच, पॅकिंगच्या खोलीतही माणूस घसरतो. पण दिशा बरोबर. आठवड्याची मुदत द्या, नाही तर कंत्राटदार बदला.

प्रेसशॉपवाली

ओके. एक शेवटचं. वाळूजचे दादा म्हणाले तसं ऑपरेटरनेच गार्ड काढला आणि बोट गेलं, तर जबाबदार कोण? आमची भागीदारी फर्म आहे, बाबा आणि मी.

काळाकोट

सुरक्षा साधनांशी छेडछाड करू नये हे कामगाराचंही कर्तव्य आहे, जुन्या कायद्यात १११ कलम, नव्यातही आहे. पण 'त्यानेच काढला' एवढं म्हणून मालक सुटत नाही. गार्डशिवाय टार्गेट ठरवलं होतं का, सुपरवायझरला दिसत होतं का, आधी कोणी तक्रार केली होती का, हे विचारलं जातं. तीन नंबरचं रजिस्टर आजपासून लिहा. कधी बंद केला, कोणी तपासला, काय बदललं, कोणाच्या सहीने सुरू केला.

जबाबदार ऑक्युपायर असतो, म्हणजे कारखान्यावर शेवटचा ताबा ज्याचा तो. कंपनीत संचालकच ऑक्युपायर, एखाद्या नोकराला कागदावर ऑक्युपायर करून साहेब मोकळे होऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सांगून टाकलं. भागीदारीत भागीदारांपैकी कोणीही एक. म्हणजे तुम्ही किंवा बाबा.

टवाळखोर

आज घरी जेवताना वातावरण टाइट.

प्रेसशॉपवाली

बाबांचं म्हणणं, 'तीस वर्षांत माझ्याकडे एकाचंही बोट गेलं नाही.' मी त्यांना वरची एवढी-वर्षं-झालं-का-काही वाली पोस्ट दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण उद्या गार्डवाल्याकडे सोबत येतो म्हणाले.

वाळूजचा_ऑपरेटर

ताई गार्ड बसवल्यावर टार्गेट परत काढा. गार्ड खाली ठेवून स्टॉपवॉच लावा. नाहीतर महिन्यात परत वर बांधलेला दिसंल.

प्रेसशॉपवाली

नक्की. दर नवीन धरून खरेदीदाराला पत्र टाकतेय. उत्तर काय येईल ते माहीत आहे, तरी.

एमआयडीसी_शेठ

पत्र टाकाच, आणि उत्तर आलं की इथे टाका, नाव झाकून. दहा जणांनी पत्रं टाकली तर खरेदी खात्याला निदान फाइल उघडावी लागेल.

पिन क्लच काढून न्यूमॅटिक बसवायचं कोटेशन मागवलंत तर तेही सांगा. मलाही दोन प्रेसना बघायचंय. भावाच्या मुद्द्यावर मी अजून तिथेच आहे, टवाळखोरने उगाच टाळ्या वाजवू नयेत.

जुनाफिटर

कोटेशन घेताना ब्रेकसकट घ्या. नुसता क्लच स्वस्तात देणारे असतात.